तेवीस फूट एक इंच

धोटे सर आले तेव्हा कॉलेजला फाटक नव्हतं,
ग्राउंडात पऱ्हाटीचे खुंट होते
आणि मी नुकताच शिपाई म्हणून चिकटलो होतो.
पहिल्याच दिवशी टेपचं टोक माझ्या हाती दिलं.
"दौलत, आट्यापाट्या येते?"
म्हटलं, खेळलो लहानपणी, पायानं रेघ ओढून.
"तशी नाही. पाटी तेवीस फूट एक इंच. दोन पाट्यांत अकरा फूट."
मी तेवीसच धरले.
सर उकिडवे बसले, पुन्हा मोजलं,
"आन् हा एक इंच कोनाच्या बापाचा?"

पुढं एकतीस वर्षं आम्ही तो इंच सांभाळला.
चुन्याची मंजुरी संस्थेच्या कपाटात अडकायची,
मग होस्टेलच्या चुलीची राख चाळायची
आणि कपाळपाटीपासून लोणपाटीपर्यंत नऊच्या नऊ,
मधून उभी सूरपाटी.
वारा सुटला की पाट्या उडून जायच्या.
पोरं विचारत, सर, आता बाद कसं धरायचं?
सर म्हणत, "कुठं होती ते तुले ठाऊक हाये ना?"

पहिली सात वर्षं पगार फक्त सहीपुरता.
पहाटे ग्राउंड, दहा वाजता सासऱ्याच्या चक्कीवर दळण.
संध्याकाळी तसेच यायचे, भुवया पांढऱ्या.
शिटी फुंकली
की शिटीतून आधी पीठ निघायचं, मग आवाज.

हिशोब माझ्याकडं आहे,
डेडस्टॉक वहीच्या मागच्या पानावर:
विद्यापीठाला एकवीसदा गेलो,
सोळादा पहिल्याच फेरीत वापस.
एकदा शिट्ट्या दोन, हरवली एक.
एकदा फायनल.

चिखलीला.
रज्जाक होता त्या साली, हूल अशी द्यायचा
की समोरचा स्वतःच्याच सावलीला हात लावी.
शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणानं पुढं.
उईक्यांचा मनोहर तिसऱ्या पाटीवर,
त्यानं मारलं त्यांच्या गड्याला, पंचांनी बाद दिला,
आमची पोरं नाचायला लागली.
सर उठले. पंचांकडं गेले.
"मनोहरचा पाय सुटला होता पाटीवरून."
कोणी पाहिलं नव्हतं.
मी पाहिलं होतं, मी गप्प होतो.

गडी जिवंत झाला. उरल्या वेळात लोण घेऊन परतला.

टेम्पोत कोणी बोललं नाही.
मेहकरला रात्री दोन वाजता सरांनी गाडी थांबवली,
खिशातून तर्री-पोहे सांगितले पंधरा प्लेटा.
मनोहरनं घेतली नाही.
त्याची प्लेट सर हातात धरून उभे राहिले,
तर्रीवर साय धरेपर्यंत.
पुढं काय झालं त्या प्लेटीचं, आठवत नाही.

नंतर गेडामांची शेवंता पोलिसात लागली,
दिवाळीला फोन करते.
रज्जाक नागपूरला गाड्यांच्या काचा बसवतो.
मनोहरचं बस स्टँडसमोर मोबाईलचं दुकान,
सर सायकलवरून जाताना दिसले
की तो कुठलासा मोबाईल उघडून बसतो.

निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले,
"खो-खोच्या क्षेत्रातले हे मोठं नाव."
सरांनी दुरुस्त केलं नाही.
शाल घेतली, नारळ घेतला, शिटी मला दिली.
मनोहर आला नाही.
पण दुकान त्या दिवशी बंद होतं,
मी दोनदा जाऊन पाहिलं.

आता ग्राउंडावर फार्मसीची बिल्डिंग.
सूरपाटी गेली तिथं जिना निघाला आहे.
उरलेल्या तुकड्यात पार्किंग,
मागच्या आठवड्यात मला सांगितलं, पट्टे मार.
मारले.
प्राचार्य ओरडले, दौलत, एवढं अंतर कशाला,
ट्रक लावायचे आहेत का?
टेप लावून पाहिली. अकरा फूट.

संध्याकाळी सर आले, पेन्शनचा कागद घेऊन.
सायकल स्टँडवर लावली, पट्ट्यांशी थांबले,
या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत राहिले.
म्हटलं, सर, या ना इकडून, ऑफिस समोरच आहे.
ते भिंतीकडून लांबचा वळसा घालून आले.
"चुना ओला हाये," म्हणाले.